सह्याद्रीची उंची आणि तिथली जीवसृष्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गड चढणारे, शिक्षक, विद्यार्थी आणि पावसाळ्यात रोपं घेऊन डोंगरावर निघालेली मंडळं यांच्याकडून काही प्रश्न वर्षानुवर्षं येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सह्याद्रीत उंचीप्रमाणे जीवसृष्टीचे पट्टे पडतात म्हणजे नेमकं काय?

डोंगर चढत गेलं की ठरावीक उंचीनंतर झाडोरा बदलतो आणि त्याच्या आधाराने राहणारे प्राणीही बदलतात. हिमालयात हे ठळक दिसतं: खाली साल, वर चीड, त्यावर देवदार आणि ओक, मग भूर्ज, शेवटी गवताळ कुरणं आणि बर्फ. सह्याद्री तेवढा उंच नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, आणि अख्ख्या रांगेतलं सर्वांत उंच, केरळातलं अनैमुडी २६९५ मीटर. त्यामुळे आपल्याकडे ढोबळ मानाने तीनच टप्पे धरतात: कोकणातला पायथा, घाटाचा उतार आणि घाटमाथा. माथ्यापलीकडचा देशावरचा उतार वेगळा मोजावा लागतो (प्रश्न ४). दक्षिणेत यावर आणखी एक टप्पा आहे (प्रश्न १२).

महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचं एक वैशिष्ट्य मात्र हिमालयात नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा भाग बनला. कठीण थर कड्यासारखा उभा राहिला, मऊ थर झिजून त्याचा आडवा पदर झाला. म्हणून इथे डोंगर जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी चढतो आणि झाडोराही सावकाश न बदलता पायरीगणिक बदलतो. पदरावर माती साचते, तिथे दाट रान. लगेच वरच्या कड्यावर गवत आणि कारवी. त्याच्या वरच्या पदरावर पुन्हा रान.

२. उंचीवर थंडी वाढते म्हणूनच झाडं बदलतात ना?

थंडीचा वाटा आहे, पण आपल्याकडे तो लहान आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे समुद्रकाठ आणि महाबळेश्वर यांत आठ-नऊ अंशांचा फरक. एवढ्या फरकाने काही झाडं मागे पडतात, पण अख्खं जंगल बदलत नाही.

सह्याद्रीत खरा निकाल लावतात त्या चार गोष्टी: पाऊस किती पडतो, कोरडे महिने किती असतात, माती किती खोल आहे आणि वारा किती लागतो. उंची बदलली की या चारही गोष्टी बदलतात, म्हणून श्रेय उंचीला मिळतं. ही चार कारणं लक्षात ठेवली तर खालच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपली आपण सापडतील. एकाच उंचीवर दोन वेगळी जंगलं का दिसतात, तेही कळेल.

३. कोकणातून घाट चढताना कुठे काय दिसतं?

पायथ्याला पानगळीचं जंगल: साग, ऐन, किंजळ, कुंभा, पळस, पांगारा, काटेसावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते उघडं होतं आणि पळस, पांगारा, सावर यांची लाल-केशरी फुलं बिनपानांच्या फांद्यांवर दिसतात. ऐन आणि किंजळ अनेक ठिकाणी खुरटलेले, डोकं छाटल्यासारखे दिसतात, कारण राबासाठी, म्हणजे भाताचं रोप करायची जमीन भाजायला, त्यांच्या फांद्या पिढ्यान्‌पिढ्या तोडल्या गेल्या. या पट्ट्यात मूळचं रान कसं होतं हे पाहायचं तर देवराईत जावं. सातवीण, बेहडा, आंबा यांचे जुने प्रचंड वृक्ष आणि त्यांवर चढलेली गारंबीची वेल आजही काही देवरायांत टिकून आहे.

चढ लागला की ओढ्यांच्या कडेकडेने हिरवा रंग टिकू लागतो: उंबर, करंज, जांभूळ. हे निमसदाहरित रान. साधारण सहाशे मीटरच्या वर, जिथे पदर रुंद आहे तिथे, सदाहरित झाडं एकत्र येऊ लागतात. माथेरान आठशे मीटरवर आहे आणि तिथली सावली याच रानाची.

भीमाशंकर ते महाबळेश्वर या माथ्यावर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांचं राज्य. अंजनी फुलते तेव्हा अख्खी फांदी निळसर जांभळ्या फुलांनी मढते. ते पाहण्यासाठी मुद्दाम उन्हाळ्यात माथ्यावर जावं. पावसाळ्यात गर्दी करणाऱ्यांना हे रान कधीच फुललेलं दिसत नाही. खोडांवर शेवाळं, नेचे आणि आमरी म्हणजे ऑर्किड. सीतेची वेणी ही त्यातली सगळ्यांच्या ओळखीची.

४. महाबळेश्वर आणि वाई एवढी जवळ, मग दोन्हीकडचं रान इतकं वेगळं कसं?

नैऋत्येकडून आलेले ढग माथ्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की तो हजाराच्या आत येतो. अंतर रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटर.

म्हणून पूर्वेकडे उतरताना अंजनी-जांभूळ काही किलोमीटरांतच संपतं आणि बोर, बाभूळ, खैर, धावडा, गवताळ माळ सुरू होतात. प्राणीही बदलतात. माथ्यावर गवा आणि सांबर, तर देशावरच्या माळांवर चिंकारा, लांडगा, खोकड. समान उंचीवरची दोन गावं जोडून नकाशा काढला तर तो इथे पूर्ण फसतो. माथ्यापासूनचं अंतर विचारणं जास्त उपयोगाचं.

५. कोकणात तर भरपूर पाऊस पडतो. तरी तिथलं जंगल पानगळीचं आणि माथ्यावरचं सदाहरित, असं उलटं का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने खरंच निरीक्षण केलेलं असतं. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कमी नाही, पण तो चार महिन्यांत पडून जातो. उरलेले सात-आठ महिने कोरडे. पाऊस कितीही पडो, झाडाला आठ महिने पाण्याविना काढायचे असतील तर पानं गाळणं शहाणपणाचं ठरतं.

माथ्यावरही तेवढेच महिने पाऊस नसतो. पण तिथे हवा थंड असते, बाष्पीभवन कमी होतं आणि धुकं व दव यांतून थोडी ओल मिळत राहते. दाट सावलीत जमीन लवकर सुकत नाही. केरळात कोरडे महिने तीन-चारच असतात, म्हणून तिथे सदाहरित जंगल बरंच खालीही उतरतं.

याला माणसाची बाजूही आहे. पायथ्याचं रान शतकानुशतकं तोडलं, चारलं, जाळलं गेलं. सूर्यप्रकाश आणि आग सोसणारी झाडं त्यातून तगली. आजचा पायथा पूर्णपणे निसर्गाने ठरवलेला आहे असं मानू नये.

६. माथ्यावरची झाडं इतकी बुटकी का? जंगल तोडलं गेलंय का?

काही ठिकाणी तोडलं गेलंय, पण बुटकेपणाचं मुख्य कारण वारा आणि उथळ माती. जून ते ऑगस्ट माथ्यावर वारा थांबतच नाही. मुळं खाली कातळाला लागतात. उंच वाढलेलं झाड उन्मळतं, ठेंगणं टिकतं. कड्याच्या काठावरची झाडं तर वाऱ्याच्या दिशेने कलती वाढलेली असतात. तीच जांभूळ शंभर पावलं आत, घळीत, सरळ आणि दुप्पट उंच सापडते. बुटक्या झाडाला कोवळं समजू नका. त्याचं वय अनेकदा तुमच्या-माझ्या आजोबांपेक्षा जास्त असतं.

७. कित्येक गडांचे माथे उघडे असतात. तिथे वृक्षरेषा लागते का?

नाही. हवामानाची वृक्षरेषा म्हणजे ज्या उंचीनंतर थंडीमुळे झाड वाढूच शकत नाही ती. उष्ण कटिबंधात ती साडेतीन हजार मीटरच्या आसपास किंवा वर असते. अनैमुडीसुद्धा तिथवर पोचत नाही.

आपले माथे उघडे असण्याची कारणं वेगळी. काही ठिकाणी कातळावर मातीच नसते (प्रश्न ८). काही ठिकाणी वारा. आणि बऱ्याच ठिकाणी वणवा. चांगलं गवत येतं या समजुतीने माघ-फाल्गुनात डोंगर पेटवले जातात. गवताची मुळं जमिनीखाली वाचतात, पण दोन-तीन वर्षांची झाडाची रोपं जळून जातात. दरवर्षी आग लागली की रान कधीच वर सरकत नाही. जिथे गावाने आग थांबवली आणि माती बरी आहे, तिथे काही वर्षांतच झुडपं आणि मग झाडं परत आलेली दिसतात.

८. कासचं पठार एवढं फुलतं, पण तिथे झाडं का नाहीत?

कास साधारण बाराशे मीटरवर आहे. वर जांभ्याचा थर, त्यावर बोटभर माती, कुठे तीही नाही. गावची माणसं याला सडा म्हणतात. पावसाळ्यात सड्यावर पाणी उभं राहतं, उन्हाळ्यात तोच कातळ हात टेकवेना इतका तापतो. एका वर्षात दलदल आणि वाळवंट दोन्ही. अशा ठिकाणी झाडाचा निभाव लागत नाही. टिकतात त्या चार महिन्यांत रुजून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या वनस्पती, किंवा जमिनीत कंद ठेवून झोपणाऱ्या.

या मातीत नत्र फार कमी. म्हणून काही वनस्पती कीटक पकडून ते मिळवतात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात, तर सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव इवल्या पिशव्यांत ओढून घेते. त्यांच्यासोबत पांढरे गेंद, गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, कवला. उथळ डबक्यांत वायतुरा उगवतो. तो साताऱ्याच्या सड्यांपलीकडे जगात जवळपास कुठेच नाही. आठशे पन्नासच्या वर सपुष्प वनस्पती कासवर नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

फुलांचे रंग दर पंधरवड्याला बदलतात. त्यामुळे ‘कास कधी फुलतं’ याचं एकच उत्तर नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक आठवड्याचा सडा वेगळा. आणि फुलांत बसून फोटो काढू नका. एका बैठकीत चिरडलेली रोपं बी न टाकता संपतात.

९. रत्नागिरीच्या सड्यावरही गेंद आणि आसवं दिसली. तिथे तर उंची दोनशे मीटरही नाही. मग पट्ट्यांचं काय?

पट्ट्यांच्या कल्पनेला बसणारा हा सर्वांत चांगला धक्का. रत्नागिरी, राजापूर, देवगडचे सडेही जांभ्याचेच. ज्या कातळावर कातळशिल्पं कोरली आहेत तोच हा कातळ. पावसाळ्यात पाणी, उन्हाळ्यात तवा, ही परिस्थिती हजार मीटर वरच्या कासशी जुळते, म्हणून वनस्पतींचे तेच गट दोन्हीकडे भेटतात. वैयक्तिक जाती मात्र बऱ्याचदा वेगळ्या असतात. दोन सड्यांच्या मध्ये जंगल आणि दऱ्या असल्याने प्रत्येक सडा बेटासारखा वेगळा पडतो आणि तिथली जात तिथेच घडत जाते. कोकणातला सडा ‘पडीक कातळ’ म्हणून सहज खणला जातो. कासला मिळालेलं संरक्षण त्याला नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

१०. कारवी कुठल्या उंचीवर असते आणि सात वर्षांनीच का फुलते?

कारवीला उंचीपेक्षा उतार प्रिय. मुंबईजवळच्या टेकड्यांपासून घाटमाथ्याखालच्या कड्यांपर्यंत ती आहे. तीव्र उतारावर ती दाट उभी राहून माती धरून ठेवते. साधारण सात वर्षं वाढून एका भागातली सगळी कारवी एकाच वर्षी फुलते, बी धरते आणि मरते. एकदम एवढं बी पडलं की खाणाऱ्यांना ते संपवता येत नाही, हे यामागचं सर्वमान्य स्पष्टीकरण. त्या वर्षी मधमाश्यांची चंगळ असते. वेगवेगळ्या डोंगरांचं फुलायचं वर्ष वेगळं असू शकतं, म्हणून ‘यंदा कारवी आहे का’ हे डोंगराचं नाव घेऊन विचारावं. कासवर दिसते ती टोपली कारवी, टोपलीसारख्या गोल झुडपाची. ती वेगळी जात आहे.

११. प्राण्यांनाही उंचीच्या सीमा असतात का?

मोठ्यांना फारशा नाहीत. बिबट्या समुद्रकाठापासून माथ्यापर्यंत सगळीकडे आहे. भेकर, सांबर, साळिंदर, रानडुक्कर खालीवर करत राहतात. राधानगरीत गवे दिवसा रानात असतात आणि सकाळ-संध्याकाळ सड्यावरच्या गवतात येतात, म्हणजे त्यांना दोन्ही लागतं.

शेकरूचं उदाहरण घ्या. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी म्हटला की भीमाशंकर आठवतं, ते सुमारे हजार मीटरवर. पण शेकरू रायगड जिल्ह्यातल्या फणसाड अभयारण्यातही आहे, जवळजवळ समुद्राकाठी. त्याला उंचीशी देणंघेणं नाही. फांदीला फांदी लागलेलं छत हवं, जमिनीवर न उतरता हिंडता आलं पाहिजे. धनेशाचंही तसंच. त्याला ढोली धरणारी जाड खोडं लागतात, आणि ती वाऱ्याने खुजलेल्या माथ्यावर (प्रश्न ६) कमी, खालच्या रानात आणि देवरायांत जास्त.

कड्यांचा मालक लांब चोचीचं गिधाड. ते उभ्या कड्यांच्या कपारीत घरटं करतं, तर त्याचं भावंड, पांढऱ्या पाठीचं गिधाड, कोकणात उंच झाडांवर. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे दोन्ही जवळजवळ नाहीशी झाली. पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली, पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, त्यामुळे संख्या परतायला फार वेळ लागतो.

लहान, हळू चालणाऱ्या जीवांना मात्र सीमा खऱ्याच असतात. आंबोलीच्या कातळावरचा आंबोली टोड २००९ मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला. पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ खळग्यांत तो अंडी घालतो. त्याच गावातल्या हिरण्यकेशीच्या कुंडात राहणारा छोटा मासा २०२० मध्ये विज्ञानाला कळला आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसास्थळ झाली. अशा जीवाला पलीकडच्या डोंगरावर जायची सोय नसते.

१२. शोला जंगल महाराष्ट्रात का नाही?

शोला म्हणजे दक्षिणेत साधारण अठराशे मीटरच्या वर, गवताळ टेकड्यांच्या घड्यांत दडलेली सदाहरित रानं. निलगिरी, अनैमलै, मुन्नार ही त्यांची ठिकाणं. तेवढी उंचीच महाराष्ट्रात नाही. तिथल्या उघड्या गवतावर हिवाळी रात्री दहिवर गोठतं आणि शोलाच्या झाडांची रोपं मरतात. घडीतल्या सावलीत ती वाचतात. गवताळ उतारांवर निलगिरी तार हा शेळीसारखा रानटी प्राणी फिरतो आणि बारा वर्षांनी नीलकुरिंजी फुलते. २००६ आणि २०१८ साली ती मुन्नारला फुलली.

निलगिरी तार हा हिमालयी तारचा भाऊबंद मानला जाई. जनुकांच्या अभ्यासातून तो मेंढ्यांच्या जास्त जवळचा निघाला. तिथल्या पक्ष्यांतही मजा आहे. शोलातल्या सावलीत राहणारा निळा रॉबिन पालघाट खिंडीच्या उत्तरेला एका जातीचा, दक्षिणेला दुसऱ्या जातीचा. खिंड जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर रुंद, पण तिचा तळ सखल आणि उष्ण. डोंगरावरच्या पक्ष्याला तो ओलांडवला नाही.

१३. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दव गोठतं, पण त्याहून उंच विल्सन पॉइंटवर नाही. उंचावर जास्त थंड असायला हवं ना?

दिवसा तसंच असतं. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री जमीन उष्णता सोडते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून वाहत खोलगट भागात साचते. त्यामुळे पहाटे तळ्याकाठचं खोरं माथ्यापेक्षा थंड होतं. साडेसहा अंशांचा हिशेब (प्रश्न २) सरासरीचा आहे. एका रात्रीला तो लावू नये.

१४. सडे आणि माळ ओसाड दिसतात. तिथे झाडं लावली तर चांगलंच ना?

कृपा करून लावू नका. भावना चांगली असते हे मान्य, म्हणून हे स्पष्ट सांगतो. सड्यावर खड्डा घेताना तासाभरात जी माती हलते ती साचायला पिढ्या गेलेल्या असतात. गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांसारखी बाहेरची झाडं जगलीच तर त्यांच्या पाचोळ्याने आणि सावलीने गेंद, आसवं, कंदीलपुष्पं मरतात. झाडांचीच हौस असेल तर पायथ्याला, ओढ्याकाठी, तुटलेल्या देवराईभोवती, तिथलीच जात लावा आणि तीन वर्षं वणव्यापासून राखा. सड्यासाठी सर्वांत चांगलं काम म्हणजे त्यावर गाडी न घालणं.

१५. पवनचक्क्यांनी जमीन फारशी अडत नाही. मग पठारावरच्या जिवांना काय त्रास?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर याचा अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपटीने कमी आढळले. खाणारे कमी झाल्याने तिथले सरडे वाढले. गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारा हा सरडा, आणि त्याच्या प्रजातीला मराठीतलंच ‘सरडा’ हे नाव मिळालं आहे. गर्दी वाढल्याने त्यांची शरीरं रोडावली, नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनासे झाले. जमीन जागेवर राहिली, पण वरची शिकार थांबल्याने खालचं सगळं गणित हललं.

१६. तापमान वाढलं तर झाडं-प्राणी आणखी वर सरकतील का?

साध्या हिशेबाने एक अंश वाढीला सुमारे दीडशे मीटर वर जावं लागेल. महाबळेश्वरच्या अंजनीला वर जायला डोंगरच उरलेला नाही. पण प्रश्न २ मध्ये म्हटल्याप्रमाणे सह्याद्रीत पाणी जास्त महत्त्वाचं. पाऊस उशिरा सुरू झाला, मध्ये मोठा खंड पडला किंवा धुक्याचे दिवस घटले तर फटका तापमानाआधी बसेल. खळग्यात अंडी घातलेल्या आंबोली टोडला आठवडाभराची उघडीपसुद्धा पुरते. पिल्लं व्हायच्या आत खळगा आटतो.

१७. निरीक्षणं लिहून ठेवायची आहेत. उंचीसोबत आणखी काय नोंदवू?

उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे, पायाखाली कातळ, जांभा की माती आणि ती किती खोल, जवळ ओढा आहे का, जागा कड्यावर आहे, पदरावर की घळीत, आणि अलीकडे तिथे वणवा लागला होता का. तारीख तर हवीच. फुलाचा फोटो घेताना त्याच्या भोवतीची जमीनही एका फोटोत येऊ द्या. जातीची ओळख पटवताना कित्येकदा त्याचाच उपयोग होतो. दुर्मीळ आमरी, कंदीलपुष्प किंवा गिधाडाचं घरटं सापडलं तर नेमकी जागा जाहीर करू नका. फक्त तालुका लिहा.